तपासणाऱ्याची रिकामी चौकट

मासेरू, ६ मे

आदरणीय म्मे दिपुओ यांस,

पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. वाटायलाच हवं. सहा वर्षांत मी तुम्हाला साध्या ईस्टरच्या शुभेच्छाही धाडलेल्या नाहीत. फोन केला असता, पण तुम्ही माझा नंबर बंद करून टाकलाय, हे मला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा कळलं. म्हणून हा कागद ब्लूमफॉन्टेनच्या टॅक्सीवाल्याकडे देतोय. सरहद्दीच्या पुलावर पोलिसांनी उघडून पाहिला, तर त्यांना नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर वाचायला मिळेल आणि ते बिचारे घाईने परत चिकटवतील.

विषय तोच आहे, ज्यावरून आपलं बोलणं थांबलं. कॉलेजने सहा वर्षांपूर्वी घेतलेलं सॉफ्टवेअर डिसेंबरात संपतंय. मुदत वाढवायची की दुसरं घ्यायचं, यासाठी पुन्हा समिती नेमली आहे. अध्यक्ष पुन्हा मीच. सदस्यांत एक ग्रंथपाल आहेत. त्यांना सॉफ्टवेअरला पुठ्ठा कुठे घालायचा एवढीच काळजी. एक प्राध्यापक प्रत्येक बैठकीत विचारतात, "यात झाडं चांगली येतात का?" बाकीचे दोघे चहासोबतचे तळलेले गोळे, माक्वेन्या, गरम आहेत तोवर बोलतात.

उमेदवार तीन आहेत. एक, सध्याचं मोठं. त्यात रेघ मारायची नसते, भिंतच उभी करायची असते. भिंतीला आपण भिंत आहोत हे ठाऊक असतं, दार बसवलं की ते आपलं भोक आपणच पाडून घेतं. लॅबमधल्या वीस कॉम्प्युटरांपैकी सहांवर ते धावतं, उरलेल्यांवर विव्हळतं. दुसरं जुनं, नुसत्या रेघांचं. शहरातल्या प्रत्येक ऑफिसात तेच चालतं, म्हणून पोरांना नोकरी त्याच्यावरच लागते. त्याची विकत घेतलेली प्रत मी एकाही ऑफिसात पाहिलेली नाही, पण हे बैठकीत बोलायचं नसतं. तिसरं फुकटचं. ते कुठल्याही खटारा लॅपटॉपवर चालतं. समितीला त्याचा दाट संशय येतो, कारण ते विकायला कुणी आलं नाही आणि त्यापायी कुणाला जेवण मिळालं नाही.

मागच्या खेपेस तुम्ही चार पानांची टिपणी दिली होती. ती माझ्याकडून कुठेतरी गहाळ झाली आहे. तुमचं मत पुन्हा कळवलंत तर समितीचं, म्हणजे माझं, काम सोपं होईल.

जाता जाता. खाउहेलो तुम्हाला आठवत असेल, तुमच्या शेवटच्या वर्षी ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिचा आर्किटेक्ट म्हणून नोंदणीचा अर्ज अडकलाय. शेवटच्या वर्षाला असताना तिने हा-सेखोबे गावच्या प्राथमिक शाळेचा नकाशा केला होता. कॉलेजचाच उपक्रम होता तो. शाळा बांधून झाली आणि आता गावाची तक्रार आहे की ती उलटी बांधली गेली. चोवीस जूनला नोंदणी समितीपुढे सुनावणी आहे. ठरलं तर तिचं नाव यादीत चढेल, नाही तर दुसऱ्यांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नावाने रेघा मारत बसावं लागेल. पोर गुणी आहे. तिने तुमच्याशी संपर्क साधला, तर ती काय म्हणते ते मला कळलं तर बरं. काळजी वाटते, इतकंच.

आपला,
त्सेलिसो


मासेरू, १९ मे

दिपुओ,

तुझं उत्तर मिळालं. "'तुम्ही' काय लावलंयस? अकरा वर्षं एका खोलीत बसून माझ्या डब्यातले माक्वेन्या चोरून खाल्लेस, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं 'तुम्ही'?" बरं. तू. आणि ते मी चोरत नव्हतो. तू डबा उघडा ठेवायचीस.

तू मला सॉफ्टवेअर कुठलं ते सांगितलं नाहीस, तीन प्रश्न पाठवलेस. ऑफिसं जी फाइल उघडतात ती मुलांना करता येते का. मुदत संपल्यावर मुलाच्या हातात त्याचं स्वतःचं काम उरतं का. आणि तिसरा: "ते उघडल्यावर कुठल्या शहरात उघडतं?"

सध्याच्या मोठ्या सॉफ्टवेअरपुरती पहिल्या दोन्हींची उत्तरं 'नाही' अशी आहेत. तिसऱ्यासाठी मी लॅबमध्ये जाऊन बसलो. सॉफ्टवेअर नवं घेतलं तेव्हा मी मुलांसाठी एक साचा बनवून दिला होता, आठवत असेल: कागदाचं माप, कॉलेजचं चिन्ह, अक्षरांची जाडी, खाली 'आरेखन' आणि 'तपासले' अशा दोन चौकटी. पोरांनी तो उघडायचा आणि काम सुरू करायचं. त्या साच्यात गावाचं नाव मी कधी घातलंच नाही. सॉफ्टवेअर जिथे जन्मलं त्या उत्तरेकडच्या बर्फाळ शहराचंच नाव तिथे बसलेलं आहे. आपल्याकडे हिवाळ्याचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून येतं, हे गुरं राखणाऱ्या पोरालाही कळतं. त्या शहरात ते दक्षिणेच्या खिडकीतून येतं. माझ्या साच्यात सूर्य सहा वर्षं दक्षिणेला उगाच तळपतोय. मला आजच कळलं.

म्हणजे खाउहेलोची चूक कुठून आली ते उघड आहे. सॉफ्टवेअरमधून. कुणा माणसाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

टिपणी गहाळ झालेली नाही. खणात आहे. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस: "पहिलं वर्ष कॉम्प्युटर नको. मुलांनी अंगणात काठी रोवावी, दिवसभर तिची सावली कागदावर उतरवावी. मग कुठलंही सॉफ्टवेअर द्या, ती त्याला फसणार नाहीत." मी ते समितीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आवाज बदलून. आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून पेपरातल्या शुक्रवारच्या माझ्या सदरात लिहिलं. त्या लेखातली काठीवाली म्मे, ती काठीवाली बाई, म्हणजे तू नव्हतीस, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. तुझं नाव नव्हतं त्यात. लोक हसले, संपादकांनी खास फोन करून कौतुक केलं.

तू लिहिलंयस, "खाउहेलोचा फोन आला होता. ती काय म्हणाली ते मी सांगणार नाही. तू सांग."

मी काय सांगू? ती काय म्हणाली ते मला कसं ठाऊक असणार?

त्सेलिसो


मासेरू, ११ जून

दिपुओ,

काल हा-सेखोबेला जाऊन आलो. तू म्हणालीस म्हणून नाही. म्हणजे, तू म्हणालीस म्हणूनच. "शाळा पाहिली आहेस का?" एवढंच लिहिलेलं कार्ड. तुझ्या कार्डांवर तिकिटापेक्षा मजकूर कमी असतो.

वर बर्फ पडून गेलं होतं. टॅक्सी घाटाखाली थांबली, पुढे चाललो. शाळा लांबून फार देखणी दिसते. चित्रात दिसत होती तशीच. दक्षिणेला डोंगराकडे तोंड करून मोठमोठ्या काचा, आणि उत्तरेला ओसरी नाही, दार नाही, संडासाला शोभतील अशा चार खिडक्या.

वर्ग भरला होता, पण बाहेर. उत्तरेच्या त्या आंधळ्या भिंतीला टेकून चाळीसएक पोरं घोंगड्यांत गुरफटून उन्हात बसलेली. भिंतीवर काळा रंग फासून फळा केला होता. बाई उभ्या राहून वजाबाकी शिकवत होत्या. म्मे मालेफू त्यांचं नाव. मला पाहून म्हणाल्या, "या न्ताते, या बाबा. बसा. आत नका जाऊ, आत मेलेलं माणूस आठवडाभर टिकेल."

मी आत गेलो. दिपुओ, दुपारचे बारा वाजले होते आणि मोठ्या काचांना आतून बर्फाची जाळी धरलेली होती. फळा कोरा होता. एका बाकावर कुणीतरी कोरलं होतं: पाठमोरी. मुलं शाळेला तेच म्हणतात. "आज पाठमोरीत जायचंय." वीस वर्षं सदर लिहितोय, इतका नेमका शब्द मला एकदाही सुचलेला नाही.

म्मे मालेफूंनी सांगितलं की मागच्या हिवाळ्यात चौथीतली एक मुलगी छाती धरून महिनाभर घरी पडली होती. मग विचारलं, "तुम्ही कोण, न्ताते? सरकारी?"

मी म्हणालो, "वर्तमानपत्रातून आलोय."

खोटं नाही ते. तू हसू नकोस.

"अगंबाई! मग लिहा की! कोण ती शिकलेली पोरगी, जिला सूर्य कुठला ते कळत नाही? चांगली झोडपा तिला."

मी मान हलवली. वही काढून काहीतरी लिहिल्यासारखंही केलं. काय लिहिलं ते आत्ता पाहिलं: 'झोडपा'.

तेवढ्यात गवंडी आला, न्ताते फाकिसो. म्हातारा आहे, एक डोळा अधू. शाळा त्यानेच बांधली. बाई त्याला म्हणाल्या, "हे पेपरवाले. सांगा यांना."

"काय सांगू? पाया आखायला आलो तेव्हाच म्हणालो, पोरी, घराचं तोंड वाऱ्याकडे? आमच्या कोंबड्यांची खुराडीसुद्धा आम्ही उन्हाकडे करतो."

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, 'न्ताते, मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या सरांनी बघितलंय.' मग मी गप्प बसलो. एवढ्या मोठ्या कॉलेजचे सर. त्यांच्यापुढे थापी घेऊन मी काय बोलू?"

"अशा सरांना एक हिवाळा इथे आणून बसवा," बाई म्हणाल्या. "आत."

पोरं खो खो हसली. मीही हसलो. जरा उशिरा हसलो, बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला मक्याचा पापा आणि मोरोहोच्या पालेभाजीचं ताट दिलं आणि मी ते खाल्लं, सगळं, पुसून.

आता तुला समजलं असेल खाउहेलो तुला फोनवर काय म्हणाली. तुला ते आधीच माहीत होतं. तू फक्त माझ्या हाताने लिहून घेत होतीस.

तर हो. तिने मला विचारलं होतं. बरोबर काय ते तिने आधी केलंच होतं: काचा उत्तरेला, ओसरी उत्तरेला. सॉफ्टवेअरमध्ये सावल्या लावून पाहिल्या तर वर्ग अंधारात. तिने मला विचारलं. मी काय म्हणालो ते नीटसं आठवत नाही.

चोवीसला मला साक्षीला बोलावलंय.

त्सेलिसो


मासेरू, २५ जून

दिपुओ,

काल सुनावणी झाली. पाच जण टेबलामागे होते, त्यातल्या तिघांना मी शिकवलंय.

खाउहेलो राखाडी कोट घालून आली होती, कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या लांब. नकाशे टेबलावर पसरले होते. 'आरेखन' या चौकटीत तिची सही होती. 'तपासले' ही चौकट रिकामी होती. तुला माझी सवय ठाऊक आहे. बक्षीस मिळणाऱ्या नकाशांवर मी सही करायचो. बाकीच्यांना म्हणायचो, "ठेव, बघू." पुढे काही निघालं तर आपलं नाव नको.

अध्यक्षांनी तिला विचारलं, "सूर्य उत्तरेला असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं, न्ताते. मी सरांना विचारलं होतं, सावली उलटी पडतेय म्हणून. सर म्हणाले, इमारत फिरव."

"लेखी काही आहे?"

"मेल होती. पण कॉलेज सोडलं की खातं बंद होतं. माझ्याकडे आता काही नाही."

"न्ताते त्सेलिसो?"

मी उभा राहिलो. तोंड उघडताना काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण बोललो ते असं: "अध्यक्षमहाराज, माझ्याकडे वर्षाला साठ मुलं. प्रत्येकाची सावली कुठे पडते ते मला आठवायला लागलं, तर माझी स्वतःची मी कुठे शोधू?"

सगळे हसले. अध्यक्ष हसले, ज्यांना मी शिकवलं ते जरा जास्तच हसले. खाउहेलो टेबलाकडे पाहत होती. मी बसलो आणि मला क्षणभर बरं वाटलं, दिपुओ, लेख जमल्यावर वाटतं तसं. हे मी तुला लिहितोय कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

निर्णय: नोंदणी तीन वर्षं रोखली. एकतीस जुलैपर्यंत लेखी पुरावा आला तर फेरविचार.

आता पुढचं. मेल माझ्याकडे आहे. तिचं खातं बंद झालं, माझं चालू आहे. फेब्रुवारीत गावाची तक्रार आली त्याच दिवशी मी ती शोधून काढली होती. साच्यातलं शहरही त्याच दिवशी सापडलं. मी तुला मेमध्ये लिहिलं की आजच कळलं, ते खोटं होतं. माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: "इमारत फिरव." एवढं छोटं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि त्याच्यावरच चाळीस पोरं भिंतीबाहेर बसली आहेत.

का लिहिलं तेही सांगतो. तिचं चित्र पाहताच मला कळलं होतं की काहीतरी गडबड आहे. पण सूर्य कुठे बदलायचा असतो ते मला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने केपटाऊनला तीन दिवस फुकटचं प्रशिक्षण घेऊन, समुद्राकाठी जेवून, हे सॉफ्टवेअर कॉलेजच्या गळ्यात मारलं, त्याला ते उघडल्यावर गाव कसं बदलायचं ते येत नव्हतं. शिकलो होतो ते घर पडद्यावर गरगर फिरवायला. पाहुणे आले की तेच दाखवायचो. पोरीला "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणण्यापेक्षा अख्खी शाळा फिरवणं सोपं वाटलं.

या साच्यातून दोनशेवर मुलं गेली. मी काही जुन्यांना हळूच विचारलं. त्यातल्या निम्म्यांना चूक दिसली होती, त्यांनी आपापल्या फाइलमध्ये गाव बदलून घेतलं. मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंत?" एक जण म्हणाला, "सर, तुम्हाला सांगायचं म्हणजे शुक्रवारी पेपरात यायचं."

ही मेल दिली तर सॉफ्टवेअर समितीलाही कळेल की त्यांच्या अध्यक्षाला सूर्य सापडत नव्हता. नवीन संगणक केंद्राचा प्रमुख म्हणून माझं नाव पक्कं झालंय, ते जाईल. वय एक्कावन्न आहे. कुठे जाऊ?

तू सांग, काय करू?

त्सेलिसो


मासेरू, ९ जुलै

दिपुओ,

तुझं कार्ड. "विचारू नकोस. छाप."

कॉलेजच्या प्रिंटरमध्ये शाई नाही. बाहेर छापायला गेलो तर दुकानातला मुलगा माझ्याच पहिल्या वर्षाचा निघाला, म्हणून तिथेच पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या वीस प्रती काढून परत आलो. आता माझ्याकडे कुणातरी अनोळखी माणसाच्या लग्नाची वीस आमंत्रणं आहेत. मग वीज गेली.

ही सगळी निमित्तं आहेत, हे वाचताना मला स्वतःलाच कळतंय.

आणि एक लिहायचं राहतंय सहा वर्षं. माझ्या लेखानंतर पोरांनी तुझ्या वर्गाच्या दाराशी काठ्या आणून उभ्या केल्या, तो सोमवार. चाळीसच्या वर होत्या. तू आलीस, एक एक उचलून बाजूला ठेवलीस, दार उघडण्यापुरती वाट केलीस, तासावर गेलीस. त्याच महिन्यात राजीनामा दिलास. मी जिन्यावरून पाहत होतो. मी काठ्या मोजल्या होत्या आणि पुढच्या शुक्रवारी तो आकडा लेखात घातला. त्या लेखातली काठीवाली म्मे तूच होतीस. पहिल्यातलीही.

त्सेलिसो


मासेरू, २९ जुलै

दिपुओ,

काल सकाळी दहा वाजता नोंदणी समितीच्या कचेरीत हे दिलं. शिक्का मारून पोच घेतली. सोबत मेल जोडली. नक्कल तुला देतोय:

"मी त्सेलिसो खोआबाने, कॉलेजात आर्किटेक्चर शिकवतो. हा-सेखोबे शाळेच्या नकाशावर खाउहेलो यांनी काचा आणि ओसरी उत्तरेला दाखवली होती. ते बरोबर होतं. मी दिलेल्या साच्यात चुकीच्या देशातलं शहर होतं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये सूर्य दक्षिणेला दिसत होता. खाउहेलो यांनी ही शंका मला लेखी विचारली. मी न तपासता इमारत फिरवायला सांगितलं. 'तपासले' या चौकटीत माझी सही असायला हवी होती. चोवीस जूनला समितीने विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं."

पहिल्या खर्ड्यात एक विनोद होता. दुसऱ्यात एक विशेषण उरलं होतं. हा पाचवा.

त्याच दुपारी सॉफ्टवेअर समिती बसली. तुझी चार पानं मी सगळ्यांना वाटली, या वेळी माझ्याच आवाजात वाचली, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे तर सहा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा का नाही वाचलं?" मी म्हणालो, "वाचलं होतं." ठरलं ते असं: पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर नाही. पुढची दोन वर्षं फुकटचं, म्हणजे काम पोरांच्या हातात राहील. मग ऑफिसांत चालतं ते, विकत घेऊन. मोठं सॉफ्टवेअर शेवटच्या वर्षी, ज्यांना हवं त्यांना, आणि साचा ज्याचा त्याने बनवायचा. हे सगळं तुझंच आहे. राबवायला तू येशील का, असं विचारणारं प्राचार्यांचं पत्र तुला मिळेल. त्याचा माझ्या या पत्राशी संबंध लावू नकोस. केंद्राचं प्रमुखपद दुसऱ्याला दिलंय. पहिल्या वर्षाची अक्षरलेखनाची वही तपासायचं काम माझ्याकडे ठेवलंय. प्रत्येक पानावर सही करावी लागते.

हा-सेखोबेलाही गेलो होतो, या वेळी खरं नाव सांगून. म्मे मालेफूंनी पापा वाढला नाही. न्ताते फाकिसो म्हणाला, "ते तुम्हीच होय? मग पेपरात आलं का नाही, हे आता कळलं." उत्तरेची भिंत फोडून मोठ्या खिडक्या काढता येतील. त्याने कोळशाने खुणा केल्या आहेत. नकाशा खाउहेलोने पाठवला होता, हाताने काढलेला. तिथे गेलो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. सुनावणी हरल्यावर, तिसऱ्याच दिवशी तिने तो पाठवला होता. स्वतःचं नाव न घालता.

आज ती कचेरीत आली. नोंदणी होणार असं तोंडी कळलंय. मी बाहेर बाकावर थांबलो होतो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तिने बोलू दिलं नाही.

"सर, मेल तुमच्याकडे कधीपासून होती?"

"पहिल्यापासून."

"सुनावणीच्या दिवशीही?"

"हो."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला खरंच आठवत नाहीये. तुम्ही इतक्या सहज बोललात. सगळे हसले. घरी जाऊन मी आईला सांगितलं, बहुतेक मी विचारलंच नसेल. मनातल्या मनात विचारलं असेल आणि विचारलं असं वाटत असेल. महिनाभर मी तेच धरून चाललेय, सर. साइटवर मोजलेलं माप मी तीन-तीनदा मोजते. मला माझंच खरं वाटत नाही."

मी म्हणालो, "चूक माझी आहे." हे इतकं कमी होतं की मला त्याचा आवाजही नीट आला नाही.

"मेल दाखवता?"

नक्कल खिशात होती. दिली. तिने ती उजेडाकडे धरली आणि स्वतःचीच ओळ मोठ्याने वाचली, परक्या माणसाचं पत्र वाचावं तशी: "सर, सावली उलटी पडते आहे का, की माझंच काही चुकतंय?"

माझं उत्तर तिने वाचलं नाही. पुन्हा वरची ओळ वाचली, या वेळी ओठातल्या ओठात. मग कागदाची घडी केली, परत दिली नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

माझ्याशी नाही बोलली ती. जिन्यावरून उतरताना पुन्हा एकदा म्हणाली, मला ऐकू आलं.

त्सेलिसो